कढईपुढे उभा

हमदम खाली बसला तेव्हा कढईत तांदूळ पडायचे होते. चारशे पाहुणे, चाळीस किलो तांदूळ, आणि उझबेकिस्तानातल्या मार्गिलानचा नावाजलेला आचारी टोमॅटोच्या पालथ्या खोक्यावर मटकन बसलेला. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. कोणी पाणी आणलं, कोणी झारा उचलून त्याच्या पुतण्याच्या, एल्योरच्या हातात दिला. पुलाव वेळेवर झाला, चांगलाही झाला. हमदमला तेच जास्त लागलं.

त्या मोहल्ल्यातल्या आचाऱ्यांचा एक जुना नियम होता. जो कढईपुढे बसला, त्यानं झारा कायमचा खाली ठेवायचा. बसल्या जागेवरून चाळीस किलो भात तळापासून उलटता येत नाही. नियम करणारे केव्हाच मातीआड गेले होते, पण तो पाळायला लावणारे सोबित बोबो, म्हणजे सोबित आजोबा, ब्याऐंशीव्या वर्षीही खणखणीत होते. हमदमला त्यांनीच तयार केलं होतं. संध्याकाळी ते काठी टेकत हमदमच्या अंगणात आले आणि चहालाही हात न लावता विचारलं,

"आज काय खाल्लं होतंस?"

"केफिर."

"काल?"

"केफिरच, बोबो. सात दिवस तेवढं आंबट दूधच. मेव्हणीनं सांगितलं होतं. पण सात किलो उतरले."

"किलो उतरले आणि तू खोक्यावर बसलास. झकास सौदा केलास."

दवाखान्यात साखर निघाल्यापासून हमदमनं काय काय केलं नव्हतं! महिनाभर उकडलेली अंडी खाल्ली. मॉस्कोहून आलेला चहा प्यायला. त्यानं पोट रोज साफ झालं, कमी मात्र झालं नाही. उतरलेलं वजन चार दिवसांत पाहुणे घेऊन परत यायचं.

जाताना बोबो म्हणाले, "शरदात माझ्या पणतीचं लग्न आहे. कढई तुझ्याकडेच यावी असं मला वाटतं. आज तांदूळ पडायच्या आधी बसलास, म्हणून ते धरत नाही. पण नियम माझ्या बापाचा आहे, तुझ्यासाठी वाकवणार नाही. त्या दिवशी पुन्हा बसलास, तर झारा एल्योरचा."

सालोमतनं दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला नाझोकतपुढे नेऊन उभं केलं. नाझोकत दवाखान्यातली परिचारिका, दोन घरं सोडून राहणारी. वयानं लेकीसारखी, जिभेनं सासूसारखी. हमदमनं तिला छातीवर हात ठेवून सांगितलं, "पोरी, मी खातच नाही गं. आचारी चारशेंना वाढतो आणि शेवटी उभ्या उभ्या दोन घास गिळतो. कोणालाही विचार." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

नाझोकतनं वाद घातला नाही. पुढच्या लग्नात ती एक मोठा वाडगा घेऊन कढईजवळ आली. तिनं एकच अट घातली: आज हात तोंडाकडे निघाला, की त्यातलं सगळं या वाडग्यात. चक्कर आलीच तर एल्योर शेजारी उभा होता, त्यामुळे हमदमला फारशी धास्ती नव्हती.

मेंढ्याच्या शेपटीची चरबी तापली, तेव्हा वर आलेल्या कुरकुरीत फोडी पहिल्यांदा वाडग्यात गेल्या, सोबत कांदा आणि पावाचा तुकडा. मग मांस-गाजराच्या रश्श्याची चव, मीठ बघायला. मग पुन्हा, मीठ घातल्यावर. मग चणे शिजले का ते. चहाबरोबर खडीसाखर. तळाची खरपूस खरवड तर आचाऱ्याचा हक्कच. दुपारी पाहुण्यांची पहिली ताटं निघाली, तेव्हा वाडगा शिगोशीग भरला होता.

हमदम त्याच्याकडे बघत राहिला. "हे कोणाचं जेवण?"

"तुमचं, काका. जेवणाच्या आधीचं."

चव घेणं म्हणजे खाणं, हे चाळीस वर्षांत त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला हसू आलं आणि लाजही वाटली.

नाझोकतनं पुलाव बंद केला नाही. आचाऱ्याचा पुलाव बंद करणं म्हणजे माशाला पाण्याबाहेर काढणं, हे तिलाही कळत होतं. आठवड्यातून दोनदा, छोट्या ताटलीत, आधी टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. चव चमच्याच्या टोकावर, दोनच वेळा. चहा बिनसाखरेचा. बाजारात मोटारीनं नाही, कालव्याच्या काठानं चालत. आणि रोज सकाळी अंगणातल्या लाकडी बैठकीवरून हात न टेकता उठायचं. पहिल्या दिवशी हमदम तीनदा उठला आणि चौथ्यांदा जमेना. "अहो, ओढू का?" सालोमतनं विचारलं. तो चिडला, आणि चिडून उठला.

चहाखान्यात थट्टा व्हायची. मेंढा घोडा व्हायला निघालाय, असं कोणीतरी म्हणालं. हमदम ऐकून घ्यायचा. वजन आता सावकाश उतरत होतं, इतकं सावकाश की त्याला मध्येच केफिरची आठवण यायची. पण भूक मारलेली नव्हती, चक्कर येत नव्हती. जूनमध्ये त्यानं बुटाच्या नाड्या स्वतः बांधल्या. ऑगस्टमध्ये साखर आटोक्यात आली. सप्टेंबरात तो पाण्याच्या दोन बादल्या घेऊन दम न लागता अंगणात आला आणि सालोमत घरात जाऊन थोडी रडली.

बोबोंच्या पणतीच्या लग्नात पाचशे माणसं होती. सकाळपासून हमदम कढईपुढे उभा होता. धूर डोळ्यांत जात होता, पाठ भरून आली होती. एल्योर दोनदा म्हणाला, "काका, थोडा वेळ मी बघतो." हमदमनं त्याला लाकडं सारायला लावली. भात मुरल्यावर त्यानं झारा तळापर्यंत घातला आणि कमरेतून वाकून पहिला थर उलटला. मग दुसरा. पाचशेवं ताट गेलं, तेव्हाही तो उभाच होता. गल्लीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात बोबो ताट घेऊन आले. तिकडे मान द्यायचा झाला, की वडीलधारा माणूस स्वतःच्या हातानं पुलावाचा घास समोरच्याच्या तोंडात घालतो. तो नाकारणं म्हणजे वडिलांना नाकारणं. आणि बोबोंचा घास मोहल्ल्यात प्रसिद्ध होता: मुठीएवढा, वर चरबीचा जाड तुकडा. सालोमतनं दारातून बघितलं आणि तिचा जीव वरखाली झाला. हमदमनं तोंड उघडलं. आज काही झालं तरी तो नाही म्हणणार नव्हता.

बोबोंनी ताटात बोटं घातली. चरबीचा तुकडा कडेला सारला. बोटांनी भात दाबत, पुन्हा थोडा सोडत, त्यांनी अक्रोडाएवढा घास केला. सगळी गल्ली बघत होती. इतका लहान घास त्यांनी कोणाला दिल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

"घे," ते म्हणाले. "तुझ्या मापाचा केलाय."

हमदमनं तो घेतला आणि सावकाश, डोळे भरून येईपर्यंत, चावत राहिला.