निळ्या रेषेच्या आत

“आये, हात नको लावू. तुटल,” जितेश हळूच म्हणाला.

धोंडुबाईने थर्माकोलच्या इमारतीवरचं बोट मागे घेतलं. पेणच्या एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर भोगावती नदी निळ्या कागदाची करून मांडली होती. काठावर, बंद पडलेल्या पोह्यांच्या गिरणीच्या जागी, उंच पांढऱ्या इमारती होत्या. आणि अगदी नदीजवळ एक बुटकी, तीन मजल्यांची. ती गिरणीमागच्या खोल्यांत राहणाऱ्यांसाठी. गिरणी चालू असताना तिथली माणसं भट्टीवर, नाहीतर चाळणीवर कामाला होती. गिरणी बंद झाली, तरी खोल्या कुणी सोडल्या नव्हत्या. आता गिरणीच्या शेटच्या नातवंडांनी जागा एका बिल्डरला दिली होती, आणि बिल्डरने इथलं काम बघायला ठेवलेला माणूस होता धोंडुबाईचा मुलगा जितेश.

नकाशे काढणारी प्रणिता मॅडम मुंबईहून आली होती. ती बायकांमध्ये सतरंजीवर बसली आणि प्रत्येकीला काय हवं ते विचारू लागली. शेजारच्या काशीबाईने घरात नळ मागितला. कुणी पापड वाळवायला गच्ची मागितली. धोंडुबाईने नदीत उतरायला पायऱ्या मागितल्या. धुणं धुवायला बरं, म्हणाली. खरं तर नवरा वारला त्या वर्षी दुपारच्या सुट्टीत ती एकटीच नदीवर जाऊन बसायची. मुलासमोर रडायला नको म्हणून. ते सांगण्यासारखं नव्हतं. मॅडमने तिच्यासमोरच कागदावर पेन्सिलने पायऱ्या काढल्या.

तरीही संमतीच्या कागदावर सह्या होईनात. बिल्डरवर कुणाचा भरवसा नव्हता, आणि जितेश आपलाच पोरगा असला तरी आता तो कंपनीचा माणूस होता. भरवसा होता तो धोंडुबाईवर. गिरणीला टाळं लागलं तेव्हा सगळ्या बायका फाटकात बसल्या होत्या. शेटने एकेकीला बोलावून समजावलं आणि एकेक उठून गेली. धोंडुबाई उठली नव्हती. त्यामुळे आता जो तो तिच्याच दारात येऊन विचारू लागला, काय करायचं.

एकदा जितेश जेवत असताना तिने त्याला विचारलं, सगळं दाखवलं तसंच होणार ना. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, “तू बघितलंस ना आये? नकाशात हाय ते.”

दुसऱ्या दिवशी तिने पहिली सही केली. मग काशीबाईने केली. आठवड्याभरात सगळ्यांच्या झाल्या.

गणपती होऊन गेल्यावर पुन्हा बैठक झाली. या खेपेला मॅडम नव्हती. लॅपटॉप घेऊन एक तरुण साहेब आला होता. त्याने भिंतीवर नकाशा दाखवला. त्यावर नदीच्या कडेने एक जाड निळी रेषा होती. साहेब म्हणाला, ही पूररेषा. हिच्या आत राहण्याची इमारत बांधायला परवानगी मिळत नाही, बाग चालते. रहिवाशांची बुटकी इमारत नेमकी रेषेच्या आत पडत होती. म्हणून तिथे बाग होणार होती, आणि रहिवाशांना वडखळच्या पुढे, खाडीलगतच्या खारीतल्या मोकळ्या जागेवर घरं मिळणार होती. ती होईपर्यंत तिथेच पत्र्याच्या शेड. विकायच्या इमारती रेषेच्या बाहेर होत्या, त्या जिथल्या तिथे राहिल्या.

पायऱ्याही राहिल्या होत्या. पहिल्यापेक्षा रुंद, काळ्या दगडाच्या, दोन्ही बाजूंना दिवे असलेल्या.

भट्टीवर उभं आयुष्य काढलेला हिरामण उठला. त्याने विचारलं, ही रेषा कधी आखली? साहेब सहज बोलून गेला, “सह्यांच्या आधीच. यांना माहीत होतं की.” आणि त्याने जितेशकडे हात केला.

जितेश मोबाईल बघत राहिला. हॉलमधली माणसं मात्र जितेशकडे बघत नव्हती. ती धोंडुबाईकडे बघत होती.

घरी आल्यावर तिने दिवासुद्धा लावला नाही.

“तुला ठावं व्हतं?”

त्याने पायातले बूट काढून कोपऱ्यात ठेवले. मग म्हणाला, नोकरी गेली असती. ही माणसं आज ना उद्या इथून उठणारच होती, निदान काहीतरी हातात घेऊन उठतायत.

“मंग तू सांगायचं व्हतंस त्यांना. माज्याकडना कशाला वदवलंस?”

“तुजंच ऐकतात ना ते,” जितेश म्हणाला.

त्याच्या आवाजात लबाडीसुद्धा नव्हती. पावसाळ्यात छत्री न्यावी, तितकं साधं होतं ते त्याच्यासाठी. थोड्या वेळाने त्याने सांगितलं, की कंपनी त्याला उंच इमारतीत घर देणार आहे. तिची खोली नदीकडची घेऊ. धोंडुबाईने पदर अंगाभोवती ओढून घेतला.

गिरणी बंद झाल्यापासून ती आणि काशीबाई हमरापूरला मूर्तींच्या कारखान्यात जात. नव्या मूर्ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायच्या, एवढंच काम. एका पोत्यावर दोघी बसत. बैठकीनंतर काशीबाई दुसऱ्या पोत्यावर बसू लागली. धोंडुबाईने दोन-तीन दिवस वाट पाहिली, मग तीच उठून तिच्यापाशी गेली. म्हणाली, मला नाय गो ठावं व्हतं. देवाशपथ.

काशीबाईने मूर्तीच्या सोंडेवरचा कागद थांबवला नाही.

“नसंल ठावं. पर आमी तुज्या पोराच्या तोंडाकडं बघून सही केली नाय. तुज्या तोंडाकडं बघून केली.”

धोंडुबाई आपल्या पोत्यावर परत आली. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर टेम्पो आले. जितेशने आईचं सामान वेगळं काढून ठेवलं होतं, रामवाडीला भाड्याने घेतलेल्या खोलीत न्यायला. इमारत होईपर्यंत तिथे राहायचं होतं. धोंडुबाईने पत्र्याची पेटी उचलली आणि शेवटच्या टेम्पोत चढवली. तो म्हणाला, आये, तिकडं माणसं तुझ्याशी बोलतसुद्धा नाहीत. कुणासाठी जातेस?

“सही मी केली,” ती म्हणाली आणि टेम्पोत बसली. तिला सरकून जागा कुणी दिली नाही. ती पेटीवरच बसून गेली.

खारीत पाणी टँकरने येतं. भरतीला शेडपर्यंत चिखल होतो, म्हणून टँकर वर रस्त्यावरच थांबतो आणि बायका तिथे हंड्यांची रांग लावतात. धोंडुबाई लवकर येते, पण हंडा शेवटी ठेवते. मागून आलेली बाई न विचारता तिच्या पुढे हंडा ठेवते. ती आपला मागे घेते. एका सकाळी काशीबाईचा हंडा भरला, तिच्यामागच्या तिघींचे भरले, आणि पाइपातून नुसती हवा येऊ लागली. ड्रायव्हरने पाइप गुंडाळला. बायका धोंडुबाईकडे न बघता रस्त्याच्या बांधावरून खाली उतरल्या.

तिने रिकामा हंडा भरलेला असावा तसा कमरेवर घेतला, त्याच्या गळ्याभोवती हात टाकला, आणि चिखलातून पाय जपत त्यांच्या मागून चालू लागली.