बाहीवरचा डाग

मी सायकल. आधीच सांगते, कीव करायला आला असाल तर वाट सोडा, मला उशीर होतोय.

कारखान्यात मला काळा रंग फासला, घंटी बसवली आणि दुकानात उलटी टांगली. तिथून उतरवलं ते या घरच्या बापाने. तेव्हा तो बाप नव्हता, नोकरी शोधणारा हडकुळा पोरगा होता. पहिल्या मुलाखतीला माझ्यावरूनच गेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून. नोकरी लागली, गाडी आली, मी जिन्याखाली गेले. वीस वर्षं माझ्या हँडलवर यांनी ओली फडकी वाळत घातली.

मला बाहेर ओढलं लेकीने. कॉलेज सोडून ती चष्म्याच्या काचा घासायच्या कामाला लागलीय. महिनाभर बघू, मग कायम करू, असा तिथल्या मालकीणबाईंचा वायदा. रोज सात किलोमीटर, पंचवीस मिनिटं. रविवारी आम्ही दोघी गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत भटकून येतो.

मी बापाच्या डोळ्यांत खुपायला लागले. "लोक विचारतात, गाडी विकली का म्हणून!"

"सांगा, विकली," लेक म्हणाली. "तेवढंच त्यांना बरं वाटेल."

एका सकाळी माझं मागचं चाक बसलं. पंपही सापडेना. बापाने तिला गाडीतून सोडलं. पाच जणांच्या गाडीत दोघं, पुढे तशाच रिकाम्या गाड्यांची रांग. अर्धा तास उशीर. चार दिवसांनी पुन्हा तेच. मालकीणबाईंनी सुनावलं, "तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊच नकोस."

त्या संध्याकाळी पंक्चरवाल्याने माझी ट्यूब फुगवून बादलीत बुडवली. एक बुडबुडा आला नाही. "ताई, पंक्चर नाहीच. कुणीतरी हवा सोडतंय."

कोण ते मला ठाऊक होतं. मला तोंड असतं तर तेव्हाच बोंब मारली असती.

तिसऱ्या खेपेला तो फोनवर बोलायचं सोंग करत जिन्याखाली आला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. व्हॉल्व्ह ढिला करायचा हात अजून सराईत होता. बाही दुमडायची मात्र विसरला. माझ्या चेनला त्याचा हुद्दा ठाऊक नव्हता.

"चल, सोडतो तुला," तो किल्ली खुळखुळवत म्हणाला.

लेक त्याच्या बाहीकडे बघत राहिली. "बाबा, तुमच्या फोनला ग्रीस कधीपासून लावतात?"

त्याने बाही पाठीमागे लपवली. मग म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच केलं. नोकरी सुटली की कॉलेजात जाशील, म्हणून..."

"अहो, हळू बोला, शेजारी ऐकतील," आई आतून म्हणाली. या घरात पाप चालतं, आवाज चालत नाही.

"पंप द्या, बाबा."

त्याने गाडीची डिकी उघडली. पंप तिथे, गोणपाटाखाली.

तिने दात-ओठ खात हवा भरली. हातात तीस मिनिटं होती. चढावर माझी चेन कुरकुरली, पण सुटली नाही. घामाने निथळत ती कारखान्यात शिरली तेव्हा मालकीणबाई घड्याळाकडेच बघत होत्या. त्यांनी काचांचा ट्रे तिच्यापुढे सरकवला. महिनाअखेरीस कायम केलं.

आता मी जिन्याखाली राहत नाही. बैठकीत, त्यांच्या सोफ्याला टेकून उभी असते. पाहुण्यांनी नाकं मुरडावीत, खुशाल. मोठ्या माणसांनो, एवढंच मागते: पोरांना चढ चढू द्या, माया म्हणून त्यांच्या चाकांतली हवा सोडू नका.

तो डाग काही निघाला नाही. बाप तो शर्ट अजून घालतो. बाह्या कोपरापर्यंत दुमडून.