नजर वाढेल

पाशाभाई मला मास्तर म्हणतात. मी कधीच मास्तर नव्हतो. जालन्याच्या एका शाळेत एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. पुस्तके द्यायची, परत घ्यायची, फाटली तर खळ लावून चिकटवायची, एवढेच माझे काम. पहिल्यांदा त्यांनी मास्तर म्हटले तेव्हाच सांगायला हवे होते. पण त्यांना अवघडल्यासारखे होईल म्हणून मी गप्प राहिलो. पुढे जे घडले त्याची सुरुवात इथून धरली तरी चालेल.

चांदपाशा हे त्यांचे पूर्ण नाव. जालन्यातल्याच मस्तगड भागात त्यांचे रेडिओ आणि टेप दुरुस्तीचे दुकान होते. हातात घेतलेला रेडिओ नुसता कानाला लावून ते सांगायचे, कुठला भाग गेलाय. आता दुकान नाही, पण कान तसेच आहेत. साखरेच्या आजाराने डोळे मात्र अधू झाले. पडद्यावरची माणसे दिसतात, अक्षरे दिसत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, इमरानने, घरात मोठा टीव्ही आणला. पाशाभाईंना भुताखेतांचे परदेशी सिनेमे बघायची हौस लागली. हिंदीत आवाज दिलेले सिनेमे त्यांना चालत नाहीत. ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, हे रेडिओवाल्याच्या कानाला सोसत नाही. म्हणून मूळ भाषेतला सिनेमा लावायचा, आणि खाली येणारी इंग्रजी वाक्ये मी वाचून मराठीत सांगायची, असे ठरले. रोज दुपारी तीन ते पाच. इमरान नवीन जालन्यात बियाण्यांच्या गोदामावर असतो, सून साजिया आत शिलाई मशीनवर. दिवाणखान्यात आम्ही दोघे आणि भूत.

मला ते सिनेमे झेपत नसत. भयाण प्रसंग आला की मी चष्मा काढून पुसत बसे.

"मास्तर, चष्मा पुसून झाला का?" पाशाभाई विचारत. "भूत गेलं. पाणी पिऊन घ्या."

नायिका अंधाऱ्या तळघरात उतरू लागली की ते तिला झापत. हिला काय तिथं मीटर बघायचाय का, म्हणत. मी हसे, आणि ती दुपार मला दिवसभर पुरे.

अडचण शेवटाची होती. या सिनेमांचे शेवट फार वाईट असतात. दीड तास बिचारी बाई पळते, लढते, उजाडते, आपल्याला वाटते सुटली, आणि अगदी शेवटच्या क्षणाला दार आपोआप लागते. किंवा ज्याने तिला वाचवले तोच मारेकरी निघतो. मला असे शेवट तोंडाने सांगता येत नसत. पहिल्यांदा मी बदल केला तो नकळत. पडद्यावर बाईचा नवराच कुऱ्हाड घेऊन उभा होता, आणि मी म्हणालो, "नवरा आला. वाचली." पाशाभाई थोडे थांबून म्हणाले, "बराबर." त्यानंतर मी प्रत्येक शेवट बदलला. पोलीस वेळेवर आणले, हरवलेली मुले सापडवली, घरे शांत केली. घरी येऊन उमाला, माझ्या पत्नीला, हे सांगितले तर ती म्हणाली, "तुम्हाला वाईट सांगताच येत नाही. तुमच्या आईचंच वळण."

ते खरे आहे. आमच्या आईच्या घरात काहीही फुटत नसे, विझत नसे, संपत नसे. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचे. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. डब्यातले तांदूळ संपले तरी वाढले. अशुभ शब्द तोंडावाटे काढला तर तो घरात येऊन बसतो, असे तिला वाटे. पाशाभाईंच्या घरचीही तीच रीत. दुकान बंद करताना ते कधी बंद म्हणत नसत. "चला मास्तर, दुकान बढाया," म्हणत आणि फळ्या लावत. त्यांच्या अम्मी चिराग बढाव म्हणायच्या. या एका शब्दावर आम्ही पूर्वी पुष्कळ बोललो होतो. दोन घरांत दोन भाषा आणि भीती एकच, असे काहीतरी मी तेव्हा म्हणालो होतो आणि स्वतःवर खूश झालो होतो.

मार्चमध्ये मोहल्ल्यात डोळे तपासणीचे शिबिर झाले. गर्दी फार. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला आणि कागद नंतर मिळेल म्हणून सांगितले. आठवड्याने पाकीट आले. आत एक पान, सगळे इंग्रजीत, आणि त्या घरात इंग्रजी वाचणारे कुणी नव्हते. पाशाभाईंनी ते दोन दिवस उशाखाली ठेवले आणि मी सवडीने बसल्यावर माझ्या हातात दिले.

"वाचा," ते म्हणाले. "वाईट असंल तर पटकन सांगा. सुई टोचल्यासारखं. घोळ घालू नका."

मी वाचले. साखरेचा आकडा सांगितला, रक्तदाब सांगितला, दोन्ही पडद्यांवर रक्तवाहिन्यांची सूज आहे, तेही सांगितले. शेवटी दोन ओळी होत्या. पंधरा दिवसांच्या आत मोठ्या दवाखान्यात उपचार सुरू करावेत, अन्यथा उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची जाईल. डाव्या डोळ्यालाही धोका आहे.

पाशाभाई मान कलती करून ऐकत होते. बिघडलेला रेडिओ ऐकताना जशी करत तशी.

"पुन्हा दाखवा असं लिहिलंय," मी म्हणालो. "नजर..." आणि 'जाईल' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. "नजर वाढेल म्हणतात."

"बढेल?"

"वाढेल."

त्यांचा चेहरा उजळला. साजियाला हाक मारून त्यांनी सांगितले की नजर बढनेवाली है, मास्तरने कागदात वाचलं.

मी तिथेच बोलायला हवे होते. मी चहा घेतला.

त्या रात्री मी स्वतःला समजावले की मी खोटे बोललो नाही. दिवा वाढतो तशी नजर वाढेल. ज्याने आयुष्यभर दुकान बढवले त्याला हे कळायला हवे. अर्थ त्यांनी चुकीचा घेतला असेल तर त्यात माझा काय दोष? असे मी बराच वेळ करत राहिलो. पण पंधरा दिवसांचे काय? तो आकडा तर मी गिळूनच टाकला होता. शब्दासाठी माझ्याकडे निदान आई होती. आकड्यासाठी कुणीच नव्हते.

तिसऱ्या दिवशी इमरान गल्लीत भेटला. मोटारसायकल थांबवून त्याने विचारले की काका, कागदात नेमकं काय है, अब्बा तर खूश आहेत, दवाखान्यात जल्दी न्यायचं का? मी म्हणालो, बाबांना सगळं वाचून दाखवलंय. तो म्हणाला, मंग ठीक आहे, तुम्ही वाचलंय म्हणल्यावर आम्हाला काय बघायचं. आणि गेला. त्याच्या पाठीकडे बघत मी उभा राहिलो. हाक मारायला तोंड उघडले होते, एवढे खरे.

पुढचे दिवस मी रोज घरून ठरवून निघे. आज सिनेमा सुरू होण्याआधी सांगायचे. मग वाटे, आधी नको, त्यांचा रस जाईल, संपल्यावर सांगू. संपल्यावर वाटे, एवढे हसतायत, उद्या सांगू. त्या दिवसांत मी सिनेमांचे शेवट पूर्वीपेक्षाही गोड केले. एका सिनेमात तर मेलेला कुत्रासुद्धा जिवंत केला. पंधरावा दिवस गेला. तो दिवस गेला याचा मला, सांगायला लाज वाटते, थोडा हलकेपणाच वाटला. आता सांगून उपयोग नाही, असे मन म्हणाले.

अठराव्या दिवशी आम्ही जो सिनेमा बघत होतो त्यात एक आई बंद पडलेल्या शाळेतून आपल्या मुलीला सोडवून आणते. पहाट होते. दोघी गाडीतून निघतात. आई आरशात बघते तर मागच्या सीटवर कुणीच नाही, आणि तिच्या खांद्यावर मात्र एक लहान ओला हात येतो. पडदा काळा.

"मुलगी झोपली," मी म्हणालो. "दोघी घरी पोचल्या."

पाशाभाई म्हणाले, "मास्तर, टीव्हीच्या या अंगाला काळं का दिसून राह्यलंय? सकाळपासून आहे. बिघडला का?" आणि त्यांनी उजवीकडे हात केला.

टीव्ही ठणठणीत होता. पांढरी नावे वर सरकत होती.

"जुना झालाय," मी म्हणालो. "असेल काहीतरी."

"दोन वर्षांत जुना?"

मी चष्मा काढला आणि पुसू लागलो. काचेवर कापड घासल्याचा आवाज त्यांना ऐकू आला असणार. त्यांनी रिमोट चाचपून आवाज बंद केला.

"आत्ता सिनेमात भूत न्हाई," ते म्हणाले. "मंग तुमी चष्मा का पुसून राह्यले?"

मी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"त्या दोघी घरी पोचल्या न्हाई, मास्तर. मला माहीत आहे. बाजा किती खाली गेल्ता शेवटाला. घरी पोचणाऱ्याचा बाजा असा न्हाई वाजत." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "दोन वर्षं तुमी शेवट बदलून सांगून राह्यले. पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणलं असू द्या, मास्तरला बोलवत न्हाई. आपलं काय बिघडतं. सिनेमाच आहे." मग त्यांनी विचारले, "टीव्ही बिघडलाय का?"

"नाही."

त्यांनी गादीखालून पाकीट काढून माझ्यापुढे धरले. मी पान उलगडले आणि शेवटच्या दोन ओळी वाचल्या. आधी इंग्रजीत, मग मराठीत, एकेक शब्द. पंधरा दिवस वाचले. कायमची वाचले. जाईल वाचले. हा शब्द बोलायला अर्धा क्षणही लागत नाही, हे मला तेव्हा कळले.

आतले शिलाई मशीन थांबले होते. साजिया दारात उभी होती.

"म्हणजे तुमी बढेल म्हणले," पाशाभाई सावकाश म्हणाले, "ते चिरागवालं."

"हो."

"आणि मी मोहल्लाभर सांगत फिरलो."

"पाशाभाई, मला वाटलं तुम्हाला..." मी म्हणालो, पण मला काय वाटले होते ते मला आजही सांगता येत नाही. त्यांना कळेल असे वाटले होते, की कळू नये असे वाटले होते? प्रामाणिकपणे, मी रोज यावर वेगळे उत्तर देतो.

"सिनेमाला बाजा असतो, मास्तर," ते म्हणाले. "कागदाला नसतो. तिथं मला तुमच्या बोलण्यावर चालावं लागतं."

साजियाने इमरानला फोन लावला. ती त्याच्याशी हळू आवाजात बोलली, माझे नाव एकदाही घेतले नाही. त्यापेक्षा घेतले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी इमरान त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. उजव्या डोळ्याला उशीर झाला होता. डाव्यात सुया देऊन आहे ते टिकवता येईल, बहुतेक. पंधरा दिवसांत आले असते तर उजवाही राहिला असता का, असे इमरानने डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हे मला इमरानने गल्लीतच सांगितले, मोटारसायकल न थांबवता, फक्त हळू करून. माझ्यावर दया म्हणून त्याने डॉक्टरांचे वाक्य सांगितले असेल, की तेच खरे होते, मी विचारले नाही.

तीन आठवडे मी गेलो नाही. उमा म्हणाली, जाऊन या, तोंड लपवून कुठवर बसणार. मग एके दिवशी साजियाच येऊन म्हणाली, "अब्बा पूछ रहे, मास्तर बीमार हैं क्या?"

आता पुन्हा रोज तीनला जातो. सिनेमा लागतो, मी वाचतो. शेवट आला की पाशाभाई आवाज कमी करतात आणि थांबतात. मी सांगतो: दार लागलं. ती आतच राहिली. ते म्हणतात, "बराबर." पूर्वी म्हणायचे तसेच.

कागद मात्र माझ्याकडे येत नाहीत. साजियाने फोनमध्ये काहीतरी घेतले आहे. कागदावर फोन धरला की तो मराठीत मोठ्याने वाचतो. मी बसलेला असतानाच परवा दवाखान्याचे पाकीट आले आणि माझ्यासमोरच फोनने ते वाचले. एका सुरात, न अडखळता, खालचा पत्ता आणि पानाचा नंबरसुद्धा. पाशाभाई मान कलती करून ऐकत होते. मी भिंतीकडे बघत राहिलो.

निघताना मी चपला घातल्या आणि सवयीने म्हणालो, "येतो."

"जाताय ना?" पाशाभाई म्हणाले. "मंग जातो म्हणा."

आमच्या घरात दारातून निघताना हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. त्र्याहत्तर वर्षांत मीही नाही.

"जातो," मी म्हणालो.