सूर्यास्ताआधी उडवायचं रॉकेट

जुडाह वाक्रुळकर यांचा धाकटा भाऊ हायम अमेरिकेत असे. १९६५च्या मे महिन्यात तो रजेवर आला तेव्हा त्याने बॅगेतून एक पुठ्ठ्याची पेटी आणली. पेटीत रॉकेटचे सुटे भाग होते: हातभर लांबीची कागदी नळी, हलक्या लाकडाचे तीन पंख, टोकाची टोपी, नारिंगी-पांढरी प्लास्टिकची छत्री आणि दारू ठासलेली बोटभर लांबीची दोन नळकांडी. नवशिक्यालाही हे जमेल, असं पेटीवर छापलं होतं. जुडाह पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. त्यांनी पावसाळ्यात ते सावकाश जोडलं. पंख सरळ बसले नाहीत म्हणून दोनदा उखडून पुन्हा चिकटवले.

त्यांच्या बायकोने, दिनाने, नळीवर शाईने हिब्रू अक्षरांत एलियाहू हन्नाबीचं नाव लिहिलं. हा पैगंबर आगीच्या रथातून सदेह आकाशात गेला, आणि बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, नव्या कामाला हात घालताना त्याचं नाव घेतात.

"वर जाणाऱ्याला वाट माहीत असलेला सोबती हवा," ती म्हणाली.

सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि रॉकेट कपाटावर गेलं. खिडक्यांना काळे कागद लागले. शत्रूचे सैनिक छत्रीने उतरणार, अशी बातमी गावोगाव फिरली आणि पोरं सोटे घेऊन राखणीला बसली. मग लढाई थांबली, कागद निघाले. रविवारी सूर्यास्ताला नव्याचा सण, म्हणजे बेने इस्रायलांचं नवं वर्ष, लागणार होता. एकदा सण लागला की नवा विस्तव पेटवायचा नाही. पुढल्या आठवड्यांत उपास होते, आणि दिवाळीनंतर दोघं इस्रायलला कायमची निघणार होती. म्हणून रविवारी दुपारी दोघं पेटी घेऊन गव्हाणच्या मिठागराकडे गेली. तिथे घरं नव्हती, झाडं नव्हती. लढाई शहरात संपली म्हणजे सगळीकडेच संपली, असं दोघांनी धरलं होतं.

बांधावर जुडाहंनी लोखंडी सळई रोवली, तिच्यावर रॉकेट बसवलं आणि दूर जाऊन टॉर्चच्या सेलना जोडलेलं बटण दाबलं. फस्स असा आवाज झाला आणि रॉकेट दिसेनासं झालं. मग फार उंचावर छत्री उघडली. दिनाने टाळी वाजवली. खाडीचं वारं होतं. छत्री भातावरून रस्त्याकडे वाहत गेली.

सळई, सेल आणि पेटी घेऊन दोघं बांधाबांधाने वळसा घालून निघाली. अर्ध्या वाटेवर आरडाओरडा ऐकू आला.

रस्त्याने इब्राहीम पाववाला सायकलवरून पनवेलला परतत होता. समोर काहीतरी रंगीत पडलेलं पाहून तो उतरला आणि त्याने ते उचललं. गव्हाणची राखण करणारी पोरं सोटे घेऊन शेतातून धावत आली, तेव्हा छत्री त्याच्या हातात होती. पुढे भगवान होता. त्याने नळीवरची अक्षरं पाहिली.

"ही कुठली अक्षरं? बोल."

"मला काय ठाऊक? आत्ता उचललं. भगवान, अरे, सकाळी तुझ्या आईला पाव दिला मी."

"म्हंजे रोज येतोस नि गाव बघून जातोस."

पहिला सोटा मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मागच्यांनाही ऐकू आला. दुसरा तोंडावर. तो खाली पडल्यावर मोजायला कोणी थांबलं नाही. कोणी बरगड्यांत लाथा घातल्या, कोणी पावाची बांबूची टोपली पायाखाली चिरडली, एकाने सायकल उचलून त्याच्या अंगावर टाकली. रॉकेट चिखलात तुडवलं गेलं. "गळ्याला दोर लावा," मागून कोणीतरी म्हणालं, आणि एक पोरगा खरंच बैलाचा कासरा आणायला पळाला.

जुडाहंनी हे बांधावरून पाहिलं. तो कासरा येईपर्यंतच वेळ होता.

दिनाने त्यांची बाही धरली. जाऊ नका म्हणेल, असं त्यांना वाटलं.

"अहो, पेटी घ्या," ती म्हणाली. "नुसत्या तोंडाला कोण विचारतंय?"

जुडाह पोचले तसा त्यांच्याही खांद्यावर सोटा बसला. ते गुडघ्यावर आले. पेटी त्यांनी पोटाशी धरून ठेवली.

"ते माझं आहे," ते म्हणाले. "दारूकामाचं खेळणं आहे. मी उडवलं. त्याने फक्त उचललं."

"तुमी कोन?"

"ते मास्तर हायत, शनवार तेली," एकजण म्हणाला; शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलांना गावांत याच नावाने ओळखत. "शाळंतले."

भगवानने पेटी उलटी केली. उरलेलं नळकांडं बाहेर पडलं. "ह्यानं उडतं? उडवून दाखव. नाय उडालं तर दोगांना एकच दोर."

जुडाहंनी चिखलातलं रॉकेट उचललं. नळी चेपली नव्हती, पण तिन्ही पंख गेले होते. पंखांशिवाय ते सरळ जाणार नव्हतं. सुटलं की घोळक्यातच घुसलं असतं. त्यांनी चिरडलेल्या टोपलीची एक लांब कामटी उपसली. दिनाने रुमाल फाडून पट्ट्या दिल्या. दिवाळीच्या बाणाला काडी असते तशी कामटी त्यांनी नळीला बांधली, रॉकेट बोटावर तोललं, काडी थोडी मोडून पुन्हा तोललं. छत्री पुसून, घडी करून आत सरकवली, खाली उरलेलं नळकांडं बसवलं. सळई तिथेच चिखलात रोवून त्यांनी रॉकेट तिच्यावर बसवलं, आणि तारा दिनाने जोडल्या.

"लांब व्हा सगळे. त्यालाही उचला."

"तो हितंच बसंल," भगवान म्हणाला. "तुमचं खरं हाय ना? मग भ्या कशाचं?"

जुडाहंनी बटण हातात घेतलं. ते इब्राहीमच्या शेजारी चिखलात बसले आणि त्याचं डोकं त्यांनी आपल्या छातीशी झाकून घेतलं. दिनाही जवळ येऊन बसली.

तिने पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य खाडीपलीकडे बुडाला होता. सण लागला होता.

"दाबा," ती म्हणाली.

रॉकेट तिरकं सुटलं. आगीचा फवारा जुडाहंच्या पाठीवर आला, सदरा जळला, कातडी भाजली. ते हलले नाहीत. कामटीने हळूहळू रॉकेटचा तोल सावरला. ते भातावरून वर चढलं, वर फट् असा बारीक आवाज झाला आणि छत्री उघडली. ती फाटलेली होती, तरी उघडली. सगळ्यांच्या माना वर होत्या. एकजण हसला. कासरा आणणारा पोरगा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"आदी का नाय सांगितलंत, मास्तर?" भगवान म्हणाला.

"याने सांगितलं होतं," दिना म्हणाली.

 सोटे हातांतून खाली आले. थोड्या वेळाने दोघंजण बैलगाडी आणायला गेले. भगवानने सायकल उभी केली. पुढचं चाक वाकलं होतं. ते तो हाताने सरळ करत बसला.

इब्राहीमचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. "मास्तर," त्याने विचारलं, "गेलं का वर?"

"गेलं."

"मला दिसलं नाही," तो म्हणाला, आणि न मोडलेल्या हाताने जुडाहंचा जळका सदरा चाचपून घट्ट धरला. गाडी आली तरी त्याने तो सोडला नाही.