दंडाची सोंगटी

आमच्या आईसारखी कॅरम खेळणारी बाई अख्ख्या नेरूळमध्ये नव्हती. मुलगी म्हणून सांगत नाही, हरलेल्यांना विचारा. एका वर्षी सोसायटीच्या गणपतीत, ऐन फायनलला, तिची बांगडी सोंगटीला लागली. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आईनेच "फाऊल" म्हणून जिंकलेली एक सोंगटी दंड म्हणून परत मधे ठेवली आणि हरली. बाबा आठवडाभर धुसफुसत होते.

शहाऐंशी साली तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं जड झालं, उजवा हात लुळा पडला. हात वापरात ठेवा, नाहीतर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा बाबांनी कॅरम बाहेर काढला. खाडीचा वारा पावडर उडवतो म्हणून खिडक्या लावून दोघं संध्याकाळी बसायची. आईचा हात थरथरायचा, बोटं सोंगट्यांना लागायची. बाबा नेमके तेव्हाच बंद पंख्याकडे बघायचे. आई मुकाट्याने दंडाची सोंगटी मधे ठेवायची, आणि बाबा ती उचलून तिच्याच पुढ्यात ठेवायचे. असू दे गं, चालतंय म्हणायचे.

एके दिवशी आईने स्ट्रायकर त्यांच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर कॅरम बंद, हाताचा व्यायाम बंद. बाबांना वाटलं, थकली असेल. मला मात्र रागच आला. मी तोंडावर सांगितलं, तुम्ही तिची कीव करताय, आणि कीव तिला कधी खपली आहे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बोर्ड मांडला. खूप विनवण्या केल्यावर आई बसली. हात थरथरला, दोन सोंगट्या सरकल्या. ती बाबांकडे बघत राहिली.

बाबांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "फाऊल, जयमाला. सोंगटी ठेव मधे."

आईने ठेवली. मग बाबांनी राणी घेतली, कव्हर केली आणि जराही दयामाया न दाखवता बोर्ड संपवला. आई अशी खवळली की मला रडूच आलं. किती महिन्यांनी ती माझी आई दिसत होती.

बाबांनी स्ट्रायकर मागितला. तिने तो उजव्या मुठीत धरून ठेवला आणि एकेक शब्द ओढत म्हणाली, "उद्या... बघते... तुम्हाला."