विमा आयुक्ताच्या दारातली काहील

मी एक जुनी बिडाची काहील आहे. माझ्या बुडाला आज चार भोके आहेत, त्यामुळे माझ्यात पाण्याचा थेंबही ठरत नाही. पण मित्रांनो, एके काळी माझ्यात शंभर माणसांचा भात शिजत असे. ती भोके कोणी पाडली, ते मला तुम्हाला सांगायचे आहे. आजवर कोणी विचारले नाही, म्हणून मी गप्प होते.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले, थंड झाल्यावर साचा फोडला, आणि मी तीन पायांवर उभी राहिले. आखाताच्या काठी कोळंबी पकडणाऱ्या यूलिस मेनारने मला विकत घेतले आणि बोटीतून घरी आणले. त्याची बायको ओडाली मला बघून म्हणाली, "अरे देवा! आपण दोघं खाणारे. ही काय आंघोळीला आणलीस?"

"शेजारी आहेत की," यूलिस म्हणाला.

तेव्हापासून लग्न असो की मयत, गावात चूल पेटली की मी तिच्यावर असायचीच. कोळंबी, सॉसेज, कांदा, ढोबळी मिरची आणि तांदूळ. ओडाली वल्ह्याएवढ्या लाकडी डावाने तो जांबालाया, म्हणजे आमच्याकडचा मसालेभात, ढवळायची आणि काम झाले की मला गरम पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायची. ती असेतोवर मला गंज कधी लागला नाही.

मेनार जोडप्याला मूल नव्हते, पण एक धर्मपुत्र होता, वेड लेजर. बाप्तिस्म्याच्या वेळी ओडालीनेच त्याला हातांवर धरले होते. तो तिला 'नॅनन' म्हणायचा, कारण आमच्याकडे धर्ममातेला तसेच म्हणतात. त्याची आई लवकर गेली आणि तो आमच्याच अंगणात वाढला. माझ्या तळाची खरपुडी खरवडून खायला त्याला फार आवडे. मोठा होऊन तो वकील झाला. त्या दिवशी ओडालीने सगळ्या गावाला जेवू घातले. यूलिस तोवर वारला होता, म्हणून मला चुलीवर चढवायला शेजारची अर्लीन आली.

मग ते वादळ आले. आधी वाऱ्याने छप्पर उचलून नेले आणि चार तासांनी समुद्राचे पाणी घरात शिरले. मी चिखलात उलटी पडले होते. ओडालीने मला शोधून काढले, धुतले आणि मोडक्या कुंपणाची लाकडे पेटवून माझ्यात भात टाकला. नऊ दिवस सारे गाव माझ्यातच जेवले.

विमा कंपनीचा माणूस आज येईल, उद्या येईल म्हणून सगळे वाट पाहत होते. तो आला नाही. पत्र आले. तुमच्या घराचे नुकसान पाण्याने झाले आहे, तुमचा विमा वाऱ्याचा आहे, सबब दावा नामंजूर. गावात जवळजवळ सगळ्यांना तेच पत्र आले, फक्त नाव वेगळे.

"छप्पर पाण्याने उडतं होय?" ओडाली पत्राकडे बघत म्हणाली. "अर्लीन, तुझं तर झाडावर सापडलं. पाण्याने नेऊन ठेवलं असेल!"

दोघी हसल्या. मग ओडाली पायरीवर बसून रडली.

आमच्या राज्यात या कंपन्यांवर नजर ठेवायला विमा आयुक्त असतो आणि त्याला राज्यभरचे लोक मते देऊन निवडतात. त्या वर्षी ती निवडणूक होती. एका दुपारी वेड आला. चिखलाने भरलेले बूट घालूनच तो माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"नॅनन, मी उभा राहतोय. माझ्याकडे पोस्टर लावायलाही माणसं नाहीत. तू माझ्यासाठी शिजवशील?"

"निवडून आलास तर काय करशील ते आधी सांग."

"नाकारलेल्या प्रत्येक घरी माणूस पाठवून तपासणी करायला लावीन. आणि जुन्या गिऱ्हाइकाचा विमा बंद करून कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही हा जो नियम आहे ना, त्याला मी असेपर्यंत कोणी हात लावणार नाही." आणि बोलता बोलता त्याने माझ्या काठावर हात ठेवला. मी तापलेली होते. त्याचा तळवा भाजला, पण त्याने हात पटकन काढला नाही. मित्रांनो, त्या हाताने मला जिंकले.

आम्ही वीस गावे फिरलो. अर्लीनच्या पिकअपमध्ये मागे मी, पुढे त्या दोघी. चर्चच्या मागे, बोटींच्या धक्क्यावर, शाळेच्या मैदानावर मी चुलीवर चढले. लोक ताट घेऊन यायचे आणि विचारायचे, "हा लेजर कोण गं?"

"माझा पोरगा आहे," ओडाली सांगायची. "माझ्या अंगणात वाढलाय. खोटं बोलणार नाही."

पहिल्या फेरीत तो दुसरा आला. मग पहिल्या दोघांतच झालेल्या दुसऱ्या फेरीत थोडक्या मतांनी जिंकला. पेपरात त्याच्या फोटोत मीही होते. त्याचा भाजलेला हात माझ्यावर होता आणि खाली लिहिले होते, 'लोकांची काहील, लोकांचा माणूस'. मी किती फुशारले होते, काय सांगू!

शपथविधी झाल्यावर त्याने मला मागितले. "नॅनन, ही माझ्या कचेरीच्या दारात ठेवतो. रोज आत जाताना मला तुमची आठवण राहील." ओडालीने मला शेवटचे तेलाने पुसले आणि राजधानीला पाठवले.

संगमरवरी दालनात दोन दिवस मी नुसतीच उभी होते. तिसऱ्या दिवशी दोन कामगार ड्रिल घेऊन आले.

"एवढ्या चांगल्या भांड्याला भोक पाडायचं?" एक म्हणाला.

"साहेबांनी सांगितलंय. झाड लावायचंय, पाणी निचरायला नको?"

चार वेळा ते यंत्र माझ्या बुडातून आरपार गेले. मग माझ्यात माती भरली आणि एक नेचा लावला. समोर पितळी पाटी बसवली. त्यावर माझे कौतुक होते. वेड येताजाता पाहुण्यांना म्हणायचा, "ही आमच्या गावची." पाहुणे मान डोलवायचे. पुढे पुढे ते पाहुणे विमा कंपन्यांचेच असायचे. ज्याच्या सहीची पत्रे गावाला आली होती, त्याचे नाव मी त्याच दालनात ऐकले. वेड त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत होता.

दीड वर्षाने तो नियम बदलायची सुनावणी लागली. किनाऱ्यावरच्या घराचा कितीही जुना विमा आता कंपनीला एका पत्राने बंद करता येणार होता. तपासणीला माणूस पाठवायची गोष्ट तर कुणी काढतही नव्हते. त्या सकाळी दालनात ओडाली आणि अर्लीन आल्या. ओडालीने मला लांबूनच ओळखले. ती गुडघ्यांवर बसली, हात खाली घालून माझे बूड चाचपले, आणि तिचे बोट भोकात गेले.

दारावरचा पहारेकरी, म्हातारा प्रॉस्पर, म्हणाला, "बाई, झाडाला हात लावू नका."

"झाडाला नाही लावत, बाबा. माझ्या काहिलीला लावतेय."

तेवढ्यात लिफ्टमधून वेड उतरला. सोबत दोन सूटवाले होते.

"नॅनन! येणार म्हणून कळवायचंस तरी."

"कळवलं होतं. सात पत्रं लिहिली."

त्याने सूटवाल्यांना पुढे जायला सांगितले आणि आवाज खाली आणला. "हे बघ, कंपन्यांना फार दाबलं तर त्या राज्य सोडून जातील. मग कुणालाच विमा मिळणार नाही. तुला हे कळायचं नाही."

"मला एवढंच कळतं की वीस गावांत मी तुझ्या नावाने भात वाढला. त्या लोकांनी तुझं तोंड बघून मत नाही दिलं, वेड. माझं बघून दिलं. आता ते मला विचारतात, तुझा पोरगा काय करतोय? काय सांगू?"

"सांग, प्रयत्न करतोय."

"जन्मात एकदाच खोटं बोलले मी. तेही खोटं आहे हे ठाऊक नव्हतं म्हणून."

वेडचे कान लाल झाले. "काहील हवी तर घेऊन जा. आजच पाठवून देतो."

"भोकं पाडून परत देतोस?"

ती वर सुनावणीला गेली. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटे होती. ती पूर्ण तीन मिनिटे बोलली, असे उतरणारे लोक सांगत होते. नियम तरीही बदलला. जाताना ती माझ्यासमोरून गेली, पण तिने मान वळवली नाही. मी घरी जायची वाट बघत होते. मित्रांनो, माझ्या बुडाला भोके पाडली तेव्हाही दुखले नव्हते इतके मला त्या दिवशी दुखले.

वेडने मुदतही पुरी केली नाही. निवडणुकीला सहा महिने असताना राजीनामा दिला आणि एका विमा कंपनीत मोठ्या पगारावर गेला. त्याची खोली रिकामी केली तेव्हा मला उचलून मागच्या जिन्याखाली टाकले. नेचा वाळला, मला गंज चढला. प्रॉस्परला मात्र ओडालीचा चेहरा आठवत होता. त्याने तिला फोन केला.

ती आली. मातीसकट नेचा उपसून तिने पदराने पुसावे तसे मला आपल्या एप्रनने पुसले. "तुला त्या दिवशी इथेच सोडली," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघवत नव्हतं गं."

आम्ही थेट घरी गेलो नाही. ओडालीने अर्लीनला पिकअप त्याच वीस गावांकडे वळवायला लावली. मला बघून लोक सवयीने ताटे घेऊन आले. "आज काय शिजतंय?"

"आज काही नाही. माफी मागायला आले," ओडाली म्हणायची आणि माझे बूड दाखवायची. "मत द्या म्हणून मी सांगितलं होतं. चुकले."

धक्क्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "फसवलं त्याने, ओडाली. तू आमच्यासारखीच फसलीस." पण शाळेच्या मैदानावर एक बाई ताट तसेच हातात धरून उभी राहिली. तिचा विमा त्याच नव्या नियमाने बंद झाला होता आणि पुढच्या वादळात घर गेले होते. "तुझ्या माफीने छप्पर येतं का?" तिने विचारले, आणि पाठ फिरवून ती निघून गेली. ओडालीने तिला थांबवले नाही. ती बाई दिसेनाशी होईपर्यंत मात्र आम्ही तिथून हललो नाही.

आता ओडाली चाकांवरच्या एका लहान घरात राहते. लोहाराने मला पाहून मान हलवली. बीड सहजी सांधले जात नाही, तडकते. मी अंगणात असते. गेल्या आठवड्यात नव्या निवडणुकीतली विमा आयुक्तपदाची एक उमेदवार आली. बाई चांगली वाटली. म्हणाली, "ताई, तुमच्या हातचं जेवण सगळा किनारा जाणतो. माझ्यासाठी एकदा चूल पेटवाल?"

"जेवण मिळणार नाही," ओडाली म्हणाली. तिने एक खुर्ची पुढे सरकवली आणि खिशातून कागद काढला. "बस. प्रश्न आहेत. आणि निवडून आलीस तर दर महिन्याला हेच प्रश्न घेऊन मी तुझ्या दारात येईन."

मित्रांनो, तुमच्या घरात जे जुने भांडे असेल त्याला जेवणानंतर पुसून ठेवा. शोभेसाठी त्याला भोक पाडू नका. आणि मोठे झाल्यावर ज्याला तुम्ही मत द्याल, त्याच्या दारात मत दिल्यानंतरही जात राहा. आम्ही वीस गावे फिरलो, पण ते दार गाठायला ओडालीला दीड वर्ष लागले.