लेंड, बॉरो आणि परे

रुखमाबाईंना एखादी गोष्ट पटवायची म्हणजे दगडावर डोकं आपटून घ्यायचं. चाळिशीत दहावीला बसल्यात, जुलैच्या फेरपरीक्षेतला इंग्रजीचा पेपर आठ दिवसांवर आलाय, आणि बाई तीन दिवसांपासून 'लेंड' आणि 'बॉरो'वर अडून बसलेल्या. मी करडी गावात शिकवणी घेतो. आजवर इतकं डोकं माझं कुणी खाल्लं नाही.

परत घ्यायच्या बोलीवर दिलं तर लेंड, परत द्यायच्या बोलीवर घेतलं तर बॉरो, हे दहादा सांगितलं. पेनचं उदाहरण देऊन झालं, छत्रीचं देऊन झालं. त्यांचं एकच म्हणणं, छत्री दिली तर दिली, आली तर आली, त्याला दोन-दोन शब्द कशाला?

आधीच माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. धानाची रोवणी तोंडावर आली होती आणि माझे परे, म्हणजे रोवायची रोपं, मीच जास्तीचा युरिया टाकून जाळून बसलो होतो. दोन एकर पडीक राहणार होते. अख्ख्या गावाला शहाणपण शिकवणारा मास्तर मागायला जाणार कोणत्या तोंडाने? बायको रोज विचारायची, काय ठरवलं, आणि मी तिच्यावरच खेकसायचो.

त्याच वैतागात बोलून गेलो, "समजा, तुम्ही मला परे दिले. तुम्ही लेंड केले, मी बॉरो केले. आता तरी कळलं?"

रुखमाबाईंनी पेन खाली ठेवला. "सर, तुमचे परे गेले का?"

मी पुस्तकात बघत राहिलो. कान गरम झाले होते.

"मायाकडे बहुत उरले हायेत," त्या म्हणाल्या. "सकाळी येऊन घेऊन जा."

ताठा तरीही सुटेना. पुढच्या वर्षी मोजून तेवढेच परत करीन, असं मी मास्तरकीच्या आवाजात सांगितलं. आता वैतागायची पाळी त्यांची होती.

"रोवलेला परा कोनी उपटून वापस देते काय, सर? उरले म्हून देऊन राहिली. तुमी कायले हिशेब करता?"

मला पुढे शिकवता येईना. बाहेर येऊन बायकोला फोन लावला आणि उद्याच्या रोवणीला बाया सांगून ठेवायला सांगितलं. परे कोणाकडून उसने घेतले, असं तिने विचारलं.

"उसने नाही," मी म्हणालो. "रुखमाबाईनं असेच देले."